पांढऱ्या पायाची माणसं

मर्ल वॉन्ड्राचेकने चौतीस वर्षं एल्डर क्रॉसिंगच्या धान्यकोठारावर वजनकाटा सांभाळला होता. मक्याचा ट्रक काट्यावर चढला की ड्रायव्हरने सकाळी काय खाल्लं असेल, तेही तो अंदाजाने वजा करायचा. अशा माणसाला समोर आलेल्या पुराव्याकडे काणाडोळा करणं जमत नाही. आणि पुरावा असा होता की एउदिसच्या आयुष्याची माती होत होती, ती मर्ल करत होता, आणि तेही नुसता खुर्चीत बसून.

एउदिस मार्मोलेहोस हा मर्लच्या तळघरात राहणारा खेळाडू. एल्डर क्रॉसिंग टर्कीज हा पगारी बेसबॉल संघ होता खरा, पण उतरंडीत इतका खालचा, की खेळाडूंना गावकऱ्यांनीच घरात ठेवून घ्यायची रीत होती. कुणाच्या माळ्यावर चेंडू टाकणारा पिचर, कुणाच्या शिवणकामाच्या खोलीत तो झेलणारा कॅचर. वॉन्ड्राचेकांच्या वाट्याला मे महिन्यात एउदिस आला. वय चोवीस, गाव दोमिनिकन रिपब्लिकमधलं बानी, सामान दोन बॅगा आणि चार बॅटी. मर्लची बायको अर्लीन हिच्या खिम्याच्या मीटलोफची तिसरी वाढ मागणारा तो इतिहासातला पहिला माणूस. अर्लीनने त्याच क्षणी त्याला पोटचा मानला.

मे महिन्यात पोराने धुमाकूळ घातला. जूनच्या शेवटी मात्र काहीतरी बिनसलं. परगावी सामना असला की तो व्यवस्थित मारायचा. मर्ल गॅरेजमध्ये रेडिओ लावून ऐकायचा आणि स्कोअरकार्डावर पेन्सिलने एकेक चेंडू टिपायचा. घरच्या मैदानावर सामना असला की मर्ल आपल्या नेहमीच्या जागी, पहिल्या बेसच्या बाजूला, चौथ्या रांगेत, चौदा नंबरच्या खुर्चीवर बसून तेच करायचा. आणि एउदिस तिथे आउट व्हायचा. प्रत्येक वेळी. तीन चेंडू हुकून, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन, हवेत झेल देऊन, एकदा तर चेंडू पिचरच्या बुटाला लागून थेट पहिल्या बेसवाल्याच्या हातात गेला म्हणून.

घरच्या मैदानावर त्या काळात एकाच दिवशी त्याने हिट मारले, म्हणजे चेंडू मारून आउट न होता बेस गाठला, तेही दोनदा. तो मंगळवार. त्या मंगळवारी मर्ल दाताच्या डॉक्टरकडे होता.

संध्याकाळी अर्ध्या बधिर तोंडाने मर्लने सगळी स्कोअरकार्डं स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली. डावीकडे मर्ल हजर, उजवीकडे मर्ल गैरहजर. तोंडातून लाळ गळतेय हेही त्याच्या लक्षात आलं नाही. आपण पांढऱ्या पायाचे आहोत हे माणसाला बासष्टाव्या वर्षी कळावं, आणि तेसुद्धा स्वतःच्याच अक्षरात!

इथपर्यंत त्याचा काही दोष नव्हता. दोष पुढचा. मैदानात पाऊल टाकायचं नाही, अशी शपथ घेऊनही तो दोनदा गेला. "नुसते तीन डाव बघतो आणि येतो," असं त्याने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या वेळी तर दैवाला ओळखू येऊ नये म्हणून अर्लीनची बागकामाची टोपी घालून खांबामागे बसला. दैवाने ओळखलं. एउदिसच्या नावावर मर्लच्या देखत लागोपाठ अठ्ठावीस आउट जमा झाले, त्यातले शेवटचे आठ मर्लने जाणूनबुजून केलेले.

एउदिस मात्र सगळा दोष स्वतःकडे घेत होता. त्याने बॅट बदलली, बूट बदलले, बॅटवर मीठ टाकून पाहिलं. प्रायश्चित्त म्हणून मर्ल रोज सकाळी त्याच्यासाठी वॉफल करू लागला. वॉफलांनी काही फरक पडला नाही, एवढंच की पोराचं वजन चार पौंड वाढलं. मर्लने ते नजरेनेच मोजलं.

मग गुरुवारी मॅनेजरने एउदिसला बोलावलं. घरी येऊन त्याने जेवताना सांगितलं, "मॅनेजर म्हणाला, तू बाहेर मारतोस, घरी मारत नाहीस. आणि मालक फक्त घरचे सामने बघतो. शनिवार-रविवार दोन सामने आहेत. एक तरी हिट हवा, नाहीतर सोमवारी सकाळची बस."

"कुठली बस?" अर्लीनने विचारलं.

"विमानतळाची, डोन्या अर्लीन." अर्लीनला तो स्पॅनिश रीतीने 'डोन्या' म्हणायचा, म्हणजे बाईसाहेब, आणि मर्लला 'डॉन'.

मर्लच्या हातातला काटा प्लेटवर पडला. 'आता काय वाटेल ते झालं तरी शनिवारी आपण जायचं नाही,' असं त्याने मनाशी पक्कं केलं. तेवढ्यात एउदिस हसला. एउदिस हसला की काहीतरी चांगलं येणार, हे मर्लला ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याने पडलेला काटा उचललाच नाही.

"पण शनिवारी तुमचा सत्कार आहे! खेळाडू सांभाळणाऱ्या घरांतलं यंदाचं पहिल्या नंबरचं घर. मी नाव दिलं होतं. तुम्हाला मैदानात उभं करणार आहेत."

"दोघांना?" मर्लने विचारलं.

"नाही, अर्ध्याला," अर्लीन म्हणाली. "तुझा तो निळा शर्ट इस्त्री करून ठेवते."

*

शनिवारी दुपारी एक वाजता मर्ल निळ्या शर्टात, पांढऱ्या मोज्यांत, बॅट घेऊन उभं राहतात त्या होम प्लेटपाशी गवतावर उभा होता. त्याच्या हातात लाकडी पाटावर बसवलेली प्लॅस्टिकची टर्की दिली गेली. त्याच्या शेजारी संघाची माणूसभर उंचीची टर्की, म्हणजे पिसांच्या पोशाखातली शाळेची पीटीची बाई टॅमी, पंख हलवत होती. वर काचेच्या खोलीतून गॉर्डीचा आवाज घुमला. गावातले लाउडस्पीकर आणि गावचा रेडिओ, दोन्हीकडे गॉर्डीच बोलायचा.

"एउदिसने लिहून दिलेलं पत्र वाचतो," गॉर्डी म्हणाला. "'मी इथे आलो तेव्हा मला तीन इंग्रजी शब्द येत होते आणि त्यातले दोन अंड्यांबद्दल होते. डोन्या अर्लीन मला जेवू घालतात. डॉन मर्ल माझा एकही सामना चुकवत नाहीत. दाढ काढली त्या दिवशीसुद्धा त्यांनी फोन करून विचारलं. मी बॅट घेऊन उभा राहिलो की आधी चौथ्या रांगेत बघतो. ते तिथे असतात. मग मला भीती वाटत नाही.'"

अठराशे माणसं टाळ्या वाजवू लागली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मर्लला वाटलं. पण ग्राउंड्समन समोरच उभा होता, आणि त्याने काल संध्याकाळीच गवत कापलं होतं.

सत्कार झाल्या झाल्या सटकायचा त्याचा बेत होता. पण पत्रानंतर कसं सटकणार? तो चौदा नंबरवर बसला. अर्लीन पंधरावर बसली. दुसऱ्या डावात एउदिस आला, त्याने चौथ्या रांगेकडे पाहिलं, छातीवर मूठ टेकवली आणि तीन चेंडूंत आउट झाला. मर्लने स्कोअरकार्डावर खूण केली. एकोणतीस. चौथ्या डावात हवेत उंच झेल. तीस. सहाव्या डावात इतका सोपा झेल, की घेणाऱ्याने तो जांभई देत घेतला. एकतीस.

"बाई गं," मागच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "पोराला कुणाची नजर लागली?"

मर्ल खुर्चीत आणखी खाली सरकला.

"पोट बिघडलंय का तुझं?" अर्लीनने विचारलं.

"नाही."

"मग एखाद्याचा खून करून आल्यासारखा चेहरा का करून बसलायस?"

वर्णन अचूक होतं.

आठव्या डावात एउदिसला आणखी एक संधी मिळणार होती. मर्लने हिशेब केला: आपण बसलो तर बत्तीस. सातव्या डावाच्या मध्यावर सगळं स्टेडियम उभं राहतं, आळस झाडतं आणि एकसुरात गातं. सटकायला याहून चांगली वेळ नाही. अठराशे उभ्या माणसांतला एक उभा माणूस कमी झाला तर कुणाला पत्ता लागतो? ऑर्गन सुरू झाला. अर्लीन डोळे मिटून गाऊ लागली. मर्ल प्लॅस्टिकची टर्की काखोटीला मारून आडवा-आडवा सरकत निघाला.

जिन्यावर त्याला गर्दी लागली. त्याला जरा नवल वाटलं. पण गुन्हेगार माणूस आजूबाजूला बघत नाही, तसा तो मान खाली घालूनच उतरला.

*

पार्किंगमध्ये आपल्या गाडीत बसून त्याने रेडिओ लावला. रेडिओवर गॉर्डी म्हणाला, "आठवा डाव सुरू." तेच वाक्य शेजारच्या गाडीतूनही ऐकू आलं. आणि पलीकडच्या. आणि तिच्या पलीकडच्या. मर्लने काच खाली केली.

शेजारच्या गाडीत ड्वेन न्हावी बसला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्या दुकानात जायला नको त्या दुकानातून बाहेर पडताना दोन ओळखीचे भेटावेत, तसं.

"मर्ल."

"ड्वेन. इथे काय करतोयस?"

"ऊन लागत होतं."

"आभाळ आलंय."

ड्वेनने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. "मीच आहे तो," तो म्हणाला. "माझ्यामुळे झालं सगळं. सव्वीस जूनला एउदिस माझ्याकडे केस कापायला आला. म्हणाला, मागचे राहू दे. माझं लक्ष टीव्हीकडे होतं, मी मागचेच उडवले. त्या दिवसापासून माझ्यासमोर एक हिट नाही. मी बघत असलो की त्याचा हात मानेकडे जातो. मी बघितलंय!"

"तुझा काही संबंध नाही," मर्ल म्हणाला. "मीच आहे तो."

"तू?"

"माझ्याकडे पुरावा आहे." मर्लने खिशातून स्कोअरकार्डांची चळत काढली. "घरी त्याने फक्त एकदाच मारलं. त्या मंगळवारी. मी दाताच्या डॉक्टरकडे होतो."

"त्या मंगळवारी मी बहिणीकडे होतो," ड्वेन म्हणाला.

"त्या मंगळवारी मी म्हाताऱ्या हॅरोल्डच्या दफनाला शेजारच्या गावात होतो," असं म्हणत तिसऱ्या गाडीतून पास्टर लुंडक्विस्ट उतरले. "बंधूंनो, उगाच स्वतःवर घेऊ नका. दोष माझा आहे. जूनच्या शेवटच्या रविवारी मी सगळ्या खेळाडूंसाठी प्रार्थना केली. सगळ्या. पाहुण्या पिचरांसाठीसुद्धा. मला वाटलं, निष्पक्ष असावं."

"पास्टर, प्रार्थनेत निष्पक्ष?" ड्वेन म्हणाला. "लाज वाटायला पाहिजे तुम्हाला."

"वाटते ना. म्हणून तर पार्किंगमध्ये आहे."

मागच्या पिकअपमध्ये काहीतरी सळसळलं. तिच्या उघड्या भागात, पाय खाली सोडून, टर्की बसली होती. टॅमीने टर्कीचं डोकं मांडीवर ठेवलं होतं आणि त्याच्या चोचीत पाण्याची बाटली खोचली होती.

"सव्वीस जूनला मी त्याच्या पाठीवर पंख मारला," ती म्हणाली. "शाबासकी म्हणून. तो पाय घसरून पडला. आणि त्या मंगळवारी पोशाख धुवायला दिला होता. सांगा आता!"

मर्लला राग आला. इतके दिवस त्याने हे पाप एकट्याने वाहिलं होतं, रात्ररात्र कूस बदलली होती, वॉफल केली होती, आणि आता जो येतो तो हात घालतोय.

"माझ्याकडे लेखी आहे," तो म्हणाला.

"लेखी म्हणजे काय, मी त्याचे केस जपून ठेवलेत," ड्वेन म्हणाला.

"मी देवाशी बोललोय," पास्टर म्हणाले.

आजूबाजूच्या गाड्यांच्या काचा एकेक करून खाली होऊ लागल्या. मर्लने नजर फिरवली. पोस्टातली बाई होती. लाकूडवखारीचे दोघे भाऊ होते, एकाच गाडीत, पण एकमेकांशी न बोलता. कुणी मे महिन्यात 'हा पोरगा यंदा विक्रम करणार' असं मोठ्याने बोलून गेलं होतं, कुणी त्याची सही घेताना पेन लाल शाईचं दिलं होतं. प्रत्येकाकडे आपापलं कारण होतं आणि कुणीही ते सोडायला तयार नव्हतं.

"शांत!" टॅमी ओरडली. "आला तो!"

रेडिओवर गॉर्डीचा आवाज जरा विचित्र होता, घट्ट आवळल्यासारखा. "एउदिस मार्मोलेहोस. दोन स्ट्राइक. स्टँड आज... स्टँड आज बराच मोकळा दिसतोय, मंडळी. पिचर तयार. टाकला..."

काड्‌!

आवाज आधी भिंतीपलीकडून आला, मग चारशे गाड्यांतून.

"मारला!" गॉर्डी किंचाळला. "लेफ्टला! सरळ रेषेत, गोळीसारखा! काय आवाज! काय आवाज, मंडळी!"

पण आतून कुणी ओरडलं नाही. दोन सेकंद, चार सेकंद, सहा सेकंद आत चिडीचूप. मर्लला ते खटकलं. मग एकदम आरोळी उठली आणि पार्किंगमधली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. ड्वेनने पास्टरना उचललं. मर्लने टर्कीला मिठी मारली, तिच्या डोक्याला, कारण तेच जवळ होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगा वाचला. आपण उठलो आणि पोरगा वाचला.

"बघितलंत?" तो म्हणाला. "मी उठलो म्हणून!"

"मी उठलो म्हणून," ड्वेन म्हणाला.

भांडण परत सुरू झालं.

*

नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात मर्ल हातात दोन हॉट डॉग घेऊन परत जागेवर आला. ते साक्षीदार म्हणून.

"कुठे होतास?" अर्लीनने मैदानावरून नजर न हलवता विचारलं.

"हॉट डॉग आणायला. रांग होती."

अर्लीनने आजूबाजूला पाहिलं. त्यांच्या रांगेत ती दोघं आणि एक झोपलेला गृहस्थ होता. "रांग," ती म्हणाली. "हिट बघितलास का?"

"बघितला ना. जिन्याजवळून. वा!"

अर्लीनने हॉट डॉग घेतला.

साडेपाच वाजता एउदिस घरी आला. मर्ल गॅरेजच्या दारात घडीच्या खुर्चीवर बसला होता. पोराने बॅग खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण अर्धंच.

"पाहिलात, डॉन मर्ल?"

इथे मर्लला खरं बोलता आलं असतं. तोंड उघडेपर्यंत त्याचा तसा विचारही होता.

"पाहिला म्हणजे काय! लेफ्टला, सरळ रेषेत, गोळीसारखा! असा फटका मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मी तर उठून उभाच राहिलो."

एउदिसने बॅगेची चेन उघडली आणि बॅट बाहेर काढली. मग बॅटचा उरलेला भाग बाहेर काढला. मुठीच्या वर दोन तुकडे झाले होते. त्याने दोन्ही तुकडे मर्लच्या मांडीवर ठेवले.

"तुमच्यासाठी आणली होती," तो म्हणाला. "चेंडू बॅटच्या मुठीवर लागला. बॅट मोडली. चेंडू तिसऱ्या बेसच्या रेषेवरून घरंगळत गेला, इतका हळू, की त्यांचे तिघे जण वाकून नुसते बघत राहिले. रेषेबाहेर जाईल म्हणून कुणी उचलेना. मग तो थांबला. रेषेवरच. पांढऱ्या चुन्यावर. आणि रेषा म्हणजे आतच."

सहा सेकंदांची ती शांतता मर्लला आता कळली.

"पण गॉर्डी तर म्हणाला..."

"गॉर्डी डोळे मिटून असतो," आतून, जाळीच्या दारामागून, अर्लीन म्हणाली. "गेले दोन आठवडे एउदिस बॅटिंगला आला की डोळे मिटतो. आपली नजर लागते असं वाटतं त्याला. नुसत्या आवाजावर बोलतो. सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणजे, जे गाव आत बसतं त्याला."

मर्लने मग सगळं सांगितलं. मंगळवार, दाढ, स्कोअरकार्डं. खांबामागची टोपी. जाणूनबुजून केलेले आठ आणि सत्कारानंतरचे तीन. सांगताना तो बॅटचे तुकडे एकमेकांना जुळवून बघत होता. ते जुळत होते, पण धरून ठेवावे लागत होते.

एउदिस खाली पायरीवर बसला.

"मी पहिल्या बेसवर पोचलो," तो म्हणाला. "वळलो. चौथ्या रांगेकडे बघून हेल्मेट उचललं. तुमच्या खुर्चीवर डोन्याची पर्स होती. मी पर्सला हेल्मेट उचललं, डॉन मर्ल. अख्ख्या स्टेडियमसमोर. जे काही उरलं होतं त्या स्टेडियमसमोर."

"तुझ्यासाठीच गेलो मी, पोरा. तुला घरी पाठवलं असतं."

"माझी आई फोनवर रोज विचारते, तिकडे तुझं कोण आहे. मी सांगतो, एक म्हातारा आहे, मी आउट झालो तरी उठत नाही. एकतीस वेळा तुम्ही होता. मी ते मोजलेलं, तुम्ही दुसरंच मोजलंत."

मर्लने चौतीस वर्षं काटा सांभाळला होता. काटा चुकीच्या बाजूने वाचला असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. त्याने मान खाली घातली. मोजे पांढरेच होते.

"उद्या बसआधीचा शेवटचा सामना," एउदिस उठत म्हणाला. "मॅनेजर म्हणाला, चुन्यावरचा हिट तो अर्धाच धरतो. उद्या तुम्ही बसायचं. मी आउट झालो तरी. मी चारही वेळा आउट झालो तरी."

"आणि बस?"

"बसला मी बघून घेईन. तुम्ही खुर्चीला बघा."

"जेवायला चला," अर्लीन म्हणाली. "दोघंही. आणि मर्ल, उद्या वॉफल करू नकोस. शर्टाची बटणं लागत नाहीत त्याच्या."

*

रविवारी दुपारी पार्किंग भरलं होतं. गाड्यांत माणसं आधीच बसली होती, रेडिओ लावून, काचा खाली करून. पास्टर प्रवचन उरकून थेट आले होते. टॅमीने टर्कीचा पोशाख गाडीच्या डिकीत कुलूप लावून ठेवला होता, ती स्वतः साध्या कपड्यांत पिकअपवर बसली होती. मर्ल त्यांच्यामधून दरवाजाकडे चालत निघाला तेव्हा ड्वेनने मान बाहेर काढली.

"मर्ल? कुठे?"

"आत."

"आत?" ड्वेनने असं विचारलं, जसं मर्ल विहिरीत उतरतोय. "वेडा झालास? त्याची बस आहे उद्या!"

"माहितीये."

"देव तुला क्षमा करो," पास्टर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजावरून देव ते करेल अशी त्यांना फारशी खात्री दिसली नाही.

मर्ल चौथ्या रांगेत, चौदा नंबरवर बसला. अर्लीनने पर्स मांडीवर घेतली. दुसऱ्या डावात एउदिस आला. चौथ्या रांगेत पाहिलं. तीन स्ट्राइक. आउट. बत्तीस म्हणावं की नव्याने एक, हे मर्लला ठरवता येईना. त्याचे पाय आपोआप उचलले गेले, अर्धा उठलाही तो.

मैदानातून परत जाताना एउदिस थांबला. त्याने बॅट काखेत धरली आणि रिकाम्या हाताने, कुत्र्याला सांगतात तसं, तळवा खाली दाबला.

मर्ल बसला.

चौथ्या डावात पुन्हा आउट. सहाव्यात पुन्हा. प्रत्येक वेळी भिंतीपलीकडून, पार्किंगमधून, चारशे गाड्यांचा एकत्र सुस्कारा आत ऐकू यायचा आणि तो नेमका मर्लच्या मानेवर येऊन पडायचा. त्याच्या शर्टाची पाठ भिजली. सातव्या डावात सगळे उभे राहून गाऊ लागले, तेव्हा मर्ल एकटा बसून राहिला. उभा राहिलो तर पाय चालायला लागतील, याची त्याला भीती होती. त्याने खुर्चीचे दोन्ही हात धरून, बसल्या बसल्या गाणं म्हटलं, अत्यंत बेसूर.

आठव्या डावात एउदिस शेवटचा आला. पहिला चेंडू बाहेर. त्याने मारला नाही. दुसरा बाहेर. तिसरा चेंडू स्ट्राइक. चौथा बाहेर. पाचवा चेंडू स्ट्राइक. तीन चेंडू बाहेर, दोन स्ट्राइक. वर काचेच्या खोलीत गॉर्डी डोळे मिटून बसला असणार. पिचरने टाकला. चेंडू बोटभर बाहेरून गेला आणि एउदिसने बॅट हलवली नाही. चौथा बाहेरचा चेंडू. चार बाहेर गेले की फुकटात पहिला बेस.

एउदिसने बॅट गवतावर ठेवली आणि बाजारात निघाल्यासारखा पहिल्या बेसकडे चालत गेला.

हा हिट नव्हता. आउटही नव्हता. बेसबॉलच्या हिशेबात हा असा बॅटिंगचा प्रकार आहे, जो कुठल्याच बाजूला धरत नाहीत. मर्लने पेन्सिल हातात धरली. डावीकडे मर्ल हजर, उजवीकडे मर्ल गैरहजर. कुठे लिहायचं त्याला कळेना, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदाच त्याच्या आतल्या त्या अपराधाला बसायला खुर्ची सापडेना. पहिल्या बेसवर पोचून एउदिस वळला आणि त्याने हेल्मेट उचललं. मर्लला हात वर करायचा होता, पण त्याने दोन्ही हातांनी खुर्ची इतकी घट्ट धरली होती, की बोटं सुटेनात.

"हात कर की त्याला," अर्लीन म्हणाली.

"करतो."

"कधी?"

"थांब ना, सुटतायत."

शेवटी तिनेच त्याचं मनगट धरून वर उचललं आणि हलवलं.

सोमवारी सकाळी मॅनेजरने एउदिसला बोलावलं. म्हणाला, दोन स्ट्राइक असताना बोटभर बाहेरचा चेंडू सोडणारा फलंदाज आपल्याकडे दुसरा नाही, म्हणून पुढच्या सोमवारपर्यंत बघू. पुढच्या सोमवारपर्यंत चार सामने होते, सगळे घरचे. बातमी ऐकून मर्लने बूट चढवले आणि ड्वेनकडे केस कापायला गेला.

ड्वेनने दार उघडलं नाही. काचेतूनच विचारलं, "तू परत आत बसणार आहेस?"

"चारही सामने."

"मग मी पार्किंगमध्ये कुणासाठी बसतोय?" ड्वेन म्हणाला. मग त्याने दाराची कडी काढली. "मागचे राहू देऊ ना?"

"राहू दे," मर्ल म्हणाला. "आणि टीव्ही बंद कर."